ऊब, गारवा आणि परिभाषा : भंडारा जिल्ह्यातील घराच्या निमित्ताने ‘निष्क्रिय सौर’ विचाराची समीक्षा

१. प्रश्नाचे स्वरूप

गेल्या काही दशकांत मराठीमध्ये घरबांधणीविषयी जे शास्त्रीय आणि अर्धशास्त्रीय लेखन झाले, त्यात ‘निष्क्रिय सौर रचना’ आणि ‘उष्णतारोधन’ ह्या दोन संज्ञा वारंवार भेटतात. यंत्राचा आधार न घेता केवळ सूर्याच्या आणि बांधकामसाहित्याच्या योगाने घर उबदार किंवा थंड राखण्याची विद्या, असा पहिल्या संज्ञेचा अर्थ. घरातील उष्णता बाहेर जाऊ न देणे किंवा बाहेरची आत येऊ न देणे, असा दुसरीचा. दोन्ही संज्ञा आता पाठ्यपुस्तकांत आणि शासकीय पत्रकांत स्थिरावल्या आहेत. त्यांच्या जोडीला तिसरे एक विधान मराठी लेखनात इतक्या वेळा आले आहे की त्याला म्हणीचे रूप यावे. ‘मातीचे घर उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार असते’ हे ते विधान होय.

प्रस्तुत लेखात ह्या तिन्हींची परीक्षा करावयाची आहे. ती भंडारा जिल्ह्यातील घर समोर ठेवून करण्यास कारण आहे. कडक उन्हाळा, भरपूर पाऊस आणि थोडी पण बोचरी थंडी असे तीन ऋतू येथील एकाच घराला सोसावे लागतात. जी संज्ञा किंवा जो सिद्धांत ह्या घराचे वर्णन नीट करू शकत नाही, त्याच्या व्याप्तीविषयी शंका घेणे क्रमप्राप्त आहे. शिवाय जिल्ह्यातील जुनी मातीची घरे झपाट्याने जाऊन त्यांच्या जागी विटा व सिमेंटची घरे येत आहेत. अशा वेळी परिभाषेतील चूक कोशापुरती मर्यादित राहत नाही. ती छतावर आणि भिंतीवर उतरते.

२. सिद्धांताची जन्मभूमी

सूर्याच्या कलाप्रमाणे घर बांधावे हा विचार जुना आहे. झेनोफोनने आपल्या ‘मेमोराबिलिया’त सॉक्रेटिसाच्या तोंडी दक्षिणाभिमुख घराचा पुरस्कार घातला आहे. हिवाळ्यातील खाली उतरलेला सूर्य ओसरीत आत यावा आणि उन्हाळ्यातील उंच सूर्य छपरानेच अडवला जावा, असे त्यातील तर्कशास्त्र. आधुनिक काळात एडवर्ड मोर्स ह्या अमेरिकन गृहस्थाने १८८१ मध्ये काचेमागे काळी भिंत ठेवून हवा तापविण्याच्या युक्तीचे एकस्व मिळविले. फ्रान्समधील ओदेयो येथे फेलिक्स त्रोंब आणि वास्तुविशारद झाक मिशेल यांनी १९६७ च्या सुमारास तीच कल्पना घराच्या रूपाने सिद्ध केली, म्हणून अशा भिंतीला आज त्रोंबचे नाव आहे. १९९१ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने जी घरे उभी राहिली, त्यांनी भर दिला तो रोधनावर. जाड रोधक थर, तीन काचांच्या खिडक्या आणि फटी नसलेले बांधकाम यांच्या योगाने तापविण्याची वार्षिक गरज चौरस मीटरला १५ किलोवॅट-तास इतकी खाली आणता येते, हे त्यांनी दाखविले.

ह्या परंपरेतील पायऱ्या क्रमाने अशा : ऊन घरात घेणे, ते भिंतीत व जमिनीत साठविणे, खोल्यांतून पसरविणे आणि शेवटी बाहेर जाऊ न देणे. हा क्रम निर्दोष आहे. परंतु तो अशा प्रदेशात घडला आहे जेथे हिवाळ्यातील दिवस आणि रात्र मिळून जी सरासरी येते ती माणसाला सोसवणारी नसते. लेह येथे जानेवारीतील दैनिक सरासरी शून्याच्या बरीच खाली असते. तेथे नुसती जाड भिंत उपयोगी नाही, कारण जाड भिंत सरासरीकडे नेते आणि सरासरीच गोठलेली आहे. म्हणून लडाखमध्ये दक्षिणेची काच आणि रोधक थर यांना पर्याय नाही. फे येथील सेकमोल संस्थेच्या मातीच्या इमारती ह्याच तत्त्वावर उभ्या आहेत. भारतात ह्या सिद्धांताचे यथार्थ क्षेत्र ते होय.

३. भंडाऱ्याचे ऊन आणि भंडाऱ्याची रात्र

भंडारा शहर सुमारे २१ अंश १० कला उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला तेथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंश उंच असतो. लंडनला त्याच दिवशी तो जेमतेम १५ अंश वर येतो. मार्च व सप्टेंबरच्या संपातदिनी भंडाऱ्यास ही उंची सुमारे ६९ अंश होते. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, नंतर जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्ही तो किंचित उत्तरेस राहतो आणि पुन्हा डोक्यावरून दक्षिणेस वळतो. ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की दक्षिणेच्या भिंतीवर ६० सेंटीमीटर पुढे आलेली वळचण संपाताच्या माध्यान्ही भिंतीचा सुमारे दीड मीटर भाग सावलीत ठेवते. डिसेंबरात मात्र तिची सावली ६० सेंटीमीटरच उतरते आणि उरलेल्या भिंतीला ऊन मिळते. एप्रिल-मेमधील उन्हाचा मुख्य मारा दक्षिणेच्या भिंतीवर नसतो. तो छतावर आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर असतो. शीत प्रदेशातील ग्रंथ दक्षिणेच्या काचेवर प्रकरणेच्या प्रकरणे खर्च करतात. भंडाऱ्याच्या घरावर ग्रंथ लिहावयाचा तर त्याचे पहिले प्रकरण छतावर लिहावे लागेल.

तापमानाकडे पाहू. मे महिन्यात येथे दिवसाचा पारा सामान्यतः ४२–४३ अंशांवर जातो आणि रात्री २८ च्या आसपास उतरतो. म्हणजे सरासरी ३५. जानेवारीत दिवस २८–२९ चा आणि रात्र १२–१३ ची. सरासरी २० ते २१. पावसाळ्यात दिवस-रात्रीचा फरक थोडा, सरासरी २७–२८ आणि हवा ओलसर. वर्षाला पडणारा पाऊस सुमारे १३०० मिलिमीटर. टोकाचे आकडे अर्थातच वेगळे. शेजारच्या नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला आणि डिसेंबर २०१८ च्या अखेरीस ३.५ अंशांपर्यंत उतरला. एकाच मुलखात चव्वेचाळीस अंशांचे हे अंतर आहे, आणि घराने ते आपल्या भिंतींत जिरवावे अशी अपेक्षा आहे.

आता वर उल्लेखिलेल्या म्हणीवजा विधानाकडे वळता येते. जाड भिंत तापमान दैनिक सरासरीकडे ओढते, एवढेच तिचे कार्य. भंडाऱ्याच्या जानेवारीत सरासरी विशीत असल्याने मातीचे घर, दारे वेळेवर लावली तर, पहाटेही सुसह्य राहते. तेथे वेगळी ‘सौर भिंत’ उभारण्याचे कारण नाही. दुपारची ऊब पहाटेपर्यंत पोहोचविली की काम झाले. ‘हिवाळ्यात उबदार’ हे अर्धे विधान म्हणून खरे. परंतु मेमध्ये सरासरीच ३५ आहे. बाहेर ४३ असताना आत ३५ असणे ही दुपारपुरती मोठी सुटका असली, तरी तिला ‘थंड’ म्हणणे अतिशयोक्ती होय. रात्री तर उलट घडते : बाहेर २८ असताना भिंती दिवसाची धग सोडत असतात, आणि म्हणूनच उन्हाळ्यात खाटा अंगणात येतात. अंगण हा येथे घराचाच एक भाग आहे. घराचे उन्हाळ्यातील अपुरेपण ते भरून काढते. आणि पावसाळ्यात, दिवस-रात्रीत फरकच नसल्यामुळे, जाड भिंतीचा विशेष उपयोग नाही. तेथे वारा आणि लांब वळचण कामी येते. ज्या विधानाने ऋतू तीन असताना दोनच मोजले आणि दुपार पाहून रात्र पाहिली नाही, ते शास्त्रीय लेखात जसेच्या तसे येत राहावे हे चिंत्य आहे.

४. घर आणि घराचे शब्द

झाडीपट्टीतील जुने घर पाहिले म्हणजे त्याचे भाग तीन ऋतूंत वाटलेले दिसतात. समोर सपरी किंवा ओसरी, तिच्यावर उतरते कवेलूचे छप्पर, आत माजघर, वर माळा, मागे सांधून घेतलेला स्वयंपाकाचा भाग, बाजूस जनावरांचा कोठा आणि मध्ये किंवा पुढे अंगण. भिंती मातीच्या, कित्येक ठिकाणी हातभर जाड. हलक्या भागांत बांबूचा किंवा तुराट्यांचा कूड करून त्यावर माती लिंपलेली.

ह्या रचनेत माजघर हा जाड भिंतींचा गाभा आहे. हिवाळ्याची रात्र आणि उन्हाळ्याची दुपार तो सांभाळतो. सपरी हा सावलीचा पट्टा. ती भिंतीला उन्हापासून व पावसाच्या झडीपासून वाचविते. कवेलूंचे छप्पर दाट नसते. एका कवेलूवर दुसरे पालथे, त्यांमध्ये असंख्य फटी. तापलेली हवा तेथून निघून जाते. शीत देशातील रोधनशास्त्राला ही फट म्हणजे दोष वाटेल, येथे तीच उन्हाळी सोय आहे. परंतु हिवाळ्यात ह्याच फटींतून ऊबही जाते, म्हणून कवेलू आणि माजघर यांमध्ये माळा असतो. बांबू किंवा फळ्यांवर माती पसरून केलेला हा माळा छपराखालची दुसरी छतच होय, आणि त्यावर साठविलेल्या सामानाचा थर रोधनात भर घालतो. कवेलूने हवा सोडावयाची आणि माळ्याने ऊब धरावयाची, अशी ही विभागणी आहे.

भाषेतही अशीच विभागणी आढळते. परिभाषेत ‘उष्णता’ हा एकच तटस्थ शब्द आहे. बोलत्या मराठीत मात्र ऊब, उबारा आणि शेक हे हवेसे. धग, झळ, उकाडा आणि ताव हे नकोसे. थंडीच्या बाजूसही तसेच : गारवा सुखाचा, गारठा दुःखाचा. पाऱ्यावरील एकच अंक एका ऋतूत गारवा आणि दुसऱ्यात गारठा होतो, हे सामान्य वक्त्याला शिकवावे लागत नाही. सुखमर्यादा ऋतुमानाप्रमाणे सरकते, हा निष्कर्ष आधुनिक शास्त्राने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी केलेल्या पाहण्यांवरून काढला. मराठी शब्दसंपत्तीत तो भेद आधीच नोंदलेला होता. ‘ऊन खात बसणे’ ह्या प्रयोगात ऊन हा भोग्य पदार्थ आहे. ‘ऊन लागणे’ ह्यात तेच ऊन बाधक शक्ती होते. क्रियापद बदलले की ऋतू बदलतो.

‘निवारा’ आणि ‘निवणे’ ह्या दोन शब्दांविषयी एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. ध्वनिसाम्यामुळे त्यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु ‘निवारा’ हा ‘निवारण’ह्याच्या कुळातील, म्हणजे अडविण्याशी संबद्ध, तर ‘निवणे’ हा ‘निर्वाण’ह्याच्या कुळातील, म्हणजे विझण्याशी व शांत होण्याशी संबद्ध आहे. व्युत्पत्ती भिन्न असल्या तरी घराची दोन कार्ये ह्या दोन शब्दांत नेमकी वाटली गेली आहेत : बाहेरचे अडविणे आणि आतले शांत होऊ देणे. रोधनाचा विचार पहिल्यापाशी थांबतो. भंडाऱ्याच्या घराला दोन्ही हवीत.

५. ‘निष्क्रिय’ ह्या संज्ञेची परीक्षा

इंग्रजीतील मूळ विशेषणाचा विरोध पंप, पंखे आणि यंत्रे वापरणाऱ्या पद्धतीशी आहे. मराठीत त्याचे ‘निष्क्रिय’ असे भाषांतर करताना हा विरोध हरवला आणि दोष तेवढा उरला. मराठीत निष्क्रिय हे अधिकाऱ्याला, समितीला किंवा आळशी माणसाला लावावयाचे विशेषण आहे. ज्या घराची भिंत दिवसभर ताप मुरविते आणि रात्रभर सोडते, त्याला निष्क्रिय म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

व्याकरणाचा दाखला येथे उद्बोधक ठरेल. इंग्रजी व्याकरणात तेच विशेषण एका प्रयोगाला लावलेले आहे. परंतु मराठी वैयाकरणांनी त्याला ‘निष्क्रिय प्रयोग’ म्हटले नाही, ‘कर्मणि’ म्हटले. क्रियापद कोणाच्या अनुरोधाने चालते हे पाहून त्यांनी नाव दिले. परिभाषा घडविण्याची ही रीत शब्दाला शब्द ठेवण्याच्या रीतीहून श्रेष्ठ आहे.

आणखी एक साम्य आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. कर्मणि वाक्यात कर्ता गाळता येतो. ‘भिंत सारवली गेली’ एवढे म्हटले की वाक्य पुरे होते. कोणी सारवली हे सांगण्याची सक्ती उरत नाही. ‘निष्क्रिय’ घराच्या वर्णनांतही कर्ता असाच गळतो. घर ‘आपोआप’ थंड राहते, भिंत ‘आपोआप’ श्वास घेते, असे सांगितले जाते. वस्तुतः त्यात आपोआप असे थोडेच असते. जमीन व भिंती शेणामातीने सारवाव्या लागतात, पावसाने झडलेली माती पुन्हा लिंपावी लागते, मृगापूर्वी कवेलू फेरावी लागतात, उन्हाळ्यात सकाळी दारे लोटून संध्याकाळी उघडावी लागतात, तट्टे भिजवावे लागतात, अंगणात सडा घालावा लागतो. ह्यांतील सारवण, लिंपण व सडा ही कामे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्या अंगावर पडलेली आहेत. यंत्राची ऊर्जा वाचली, ती माणसाच्या श्रमाने भरून निघाली. ज्या संज्ञेमुळे हा श्रम अदृश्य होतो, ती केवळ भाषिकदृष्ट्या नव्हे तर सामाजिकदृष्ट्याही सदोष आहे.

मातीचे घर सोडून जाणाऱ्यांवर परंपरा विसरल्याचा ठपका ठेवणारे लेखन ह्याच दोषाचे फळ होय. वाळवी, कवेलू फोडणारी माकडे, दुर्मिळ झालेले लाकूड, कवेलू फेरणाऱ्या कारागिरांची टंचाई आणि वैनगंगेचा पूर ही घर बदलण्याची खरी कारणे आहेत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या पुरात भंडारा शहरात व नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. पाण्यात बसलेल्या मातीच्या भिंतीचे काय होते हे ज्याने पाहिले, त्याला दैनिक सरासरीचे गणित सांगून पक्क्या घरापासून परावृत्त करता येणार नाही, आणि तसा प्रयत्न करणे उचितही नाही.

६. ‘रोधन’ आणि ‘धारण’

दुसरी संज्ञा ‘उष्णतारोधन’ ही शब्द म्हणून निर्दोष आहे. तिचा वापर सदोष आहे. मातीची जाड भिंत ‘उत्तम उष्णतारोधक’ असते, असे विधान मराठीत सर्रास आढळते. ते आकड्यांवर टिकत नाही. मातीच्या विटेची उष्णतावाहकता सुमारे ०.७५ वॅट प्रति मीटर-अंश, भाजलेल्या विटेची सुमारे ०.८, काँक्रीटची सुमारे १.६ आणि कोरड्या तणसाची सुमारे ०.०७. म्हणजे माती विटेहून किंचितच सरस आहे, आणि ४५ सेंटीमीटर मातीचा जो रोध, तो अवघ्या चार-साडेचार सेंटीमीटर कोरड्या तणसाने मिळतो. रोधक पदार्थ तणस आहे, माती नव्हे.

मग मातीची भिंत करते काय? ती ताप अडवीत नाही, मुरविते. तिच्या वजनामुळे बाहेरची ऊब आत पोहोचण्यास वेळ लागतो आणि पोहोचेपर्यंत तिचा जोर ओसरतो. ४५ सेंटीमीटर मातीच्या भिंतीत हा विलंब बारा तासांहून अधिक असतो. २३ सेंटीमीटर विटेच्या भिंतीत सहा-सात तासांचा. दहा सेंटीमीटर काँक्रीटच्या स्लॅबमध्ये जेमतेम तीन तासांचा. पश्चिमेच्या विटेच्या भिंतीवर दुपारी चारला पडलेले ऊन रात्री दहा-अकराला, नेमके निजावयाच्या वेळी, खोलीत उतरते. मातीच्या जाड भिंतीतून ते पहाटेकडे, तेही क्षीण होऊन येते. हा गुण रोधनाचा नाही. त्याला ‘धारण’ म्हणावे, आणि विलंबाला ‘धारणकाल’. ‘धारण’ह्यापासून धारणक्षम, धारणक्षमता, धारणकाल अशी साधिते सहज होतात, आणि ‘भिंत ऊब धरते’ हा बोलीतील प्रयोग तिला आधार देतो. परिभाषेच्या शब्दाला जिवंत क्रियापदाचे मूळ असणे ही त्याच्या टिकाऊपणाची मोठी खूण आहे.

हा भेद न केल्यामुळे दोन उलट चुका संभवतात. रोधन म्हणजेच सर्वकाही असे मानणारा हलक्या रोधक पत्र्यांचे घर बांधील. त्यात ऊब धरण्यास काही नसल्याने दुपारी दार उघडताच ते तापेल आणि रात्री शेकोटी विझताच गार पडेल. जाडी म्हणजेच रोधन असे मानणारा काँक्रीटची जाडी वाढवील; त्याने पैसा जाईल, धारणकाल थोडा वाढेल, परंतु ताप आत येण्याचे थांबणार नाही.

७. संहिता, घरकुल आणि छत

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ‘इको-निवास संहिता’चा पहिला भाग प्रसिद्ध केला. निवासी इमारतीच्या भिंती, खिडक्या व छत यांसाठी उष्णतेचे निकष घालून देणारा हा महत्त्वाचा प्रयत्न होय. त्यातील एक भेद विशेष अभ्यसनीय आहे. शीत हवामानासाठी बाह्यकवचाची उष्णतापारकता, छत वगळून, चौरस मीटर-अंशास १.८ वॅटपेक्षा अधिक असू नये असे म्हटले आहे; इतर चार हवामान-विभागांसाठी मात्र आत येणाऱ्या उष्णतेचा निर्देशांक चौरस मीटरला १५ वॅटच्या आत ठेवावा असा निकष आहे. छतासाठी सर्वत्र एकच कमाल मर्यादा, १.२ वॅट. भिंतीचा प्रश्न हवामानाप्रमाणे बदलतो, छताचा बदलत नाही, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे आणि ती भंडाऱ्याच्या अनुभवाशी जुळणारी आहे.

परंतु संहितेची व्याप्ती किमान ५०० चौरस मीटरच्या भूखंडावरील इमारतींपुरती ठेवलेली होती. जिल्ह्यातील नव्या घरांचा मोठा भाग ज्या योजनेतून आला, त्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आणि सपाट प्रदेशातील मूळ साहाय्य १,२०,००० रुपये असे होते. म्हणजे जेथे कूलरचे वीजबिल परवडते तेथे निकष लागू, आणि जेथे ते परवडत नाही तेथे निकष नाही. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाच्या आश्रयाने तयार झालेल्या ‘पहल’ ह्या संग्रहात निरनिराळ्या प्रदेशांना अनुरूप अशी ग्रामीण घरांची रूपे दिली आहेत, हे खरे. तथापि लाभार्थ्याच्या हातातील रकमेत गवंड्याला जे येते तेच उभे राहते, आणि गवंड्याला आज स्लॅब येतो किंवा टिना येतात.

ह्या स्लॅबचे गणित मांडणे अवघड नाही. दहा सेंटीमीटर उघड्या काँक्रीटची उष्णतापारकता सुमारे ३.७ येते, म्हणजे संहितेच्या मर्यादेच्या तिप्पट. मेमध्ये हा स्लॅब संध्याकाळी खोलीवर धग ओततो. जानेवारीत तोच स्लॅब निरभ्र आकाशाकडे ऊब सोडतो आणि पहाटे खोली गारठते. जुन्या घरात कवेलू आणि माळा मिळून जे करीत, ते करणारा कोणीच येथे उरलेला नाही. ३.७ वरून १.२ वर यावयाचे तर छतावर किती रोधक थर हवा? वर दिलेल्या वाहकतेने हिशेब केल्यास सुमारे चार सेंटीमीटर दाबलेले कोरडे तणस, किंवा त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक थर्मोकोलसारख्या कृत्रिम पदार्थाचा थर पुरतो. धानाच्या ह्या जिल्ह्यात तणस दुर्मिळ नाही. अर्थात उघडे तणस ओले होते, कुजते व पेटते. ते वरून पाणी न शिरणाऱ्या आवरणात बंद करावे लागेल, आणि हे काम कारागिरीचे आहे. थर स्लॅबच्या वर असला पाहिजे, खाली नव्हे. म्हणजे स्लॅबचे वजन खोलीच्या बाजूस राहून धारणाचे काम करील. शिवाय रोधनाने छतातून रात्री होणारे निवणेही कमी होते; म्हणून उन्हाळ्यात रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडता येतील अशी योजना हवी. केवळ चुन्याचा पांढरा हातही उन्हाळ्यात उपयोगी पडतो, पण तो हिवाळ्यात ऊब धरीत नाही. अडविणे आणि धरणे यांतील भेद येथे पुन्हा समोर येतो.

भिंतीच्या बाबतीतही मध्यम मार्ग उपलब्ध आहेत. लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली पोकळ बांधणी, जीत २३ सेंटीमीटरच्या भिंतीत विटा उभ्या रचून मध्ये हवेची पोकळी ठेवतात, विटाही सुमारे चतुर्थांश वाचविते आणि तापही कमी सोडते. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने शंकूच्या आकाराच्या कवेलूंची कमानदार छते बनवून दाखविली. लाकडाविना कवेलूचे छप्पर हा माकडे आणि वनकायदा या दोहोंवरील उतारा होय. सेवाग्रामच्या १९३६ पासूनच्या कुट्या तर विदर्भाच्या सर्व अभ्यासकांना परिचित आहेत. परंतु त्यांची वाखाणणी करताना त्या सतत निगराणीत आहेत, हे विसरून चालत नाही.

दक्षिणेच्या उन्हाविषयी एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. दक्षिणाभिमुख दार अशुभ मानण्याची रूढी असल्याने सूर्यानुसारी रचना येथे रुजणार नाही, असे म्हटले जाते. तो आक्षेप फोल आहे. रूढीचा निषेध दाराला आहे, खिडकीला, सपरीला किंवा अंगणाला नाही. डिसेंबरातील ४५ अंशांचे ऊन दक्षिणेच्या साध्या खिडकीतून पुरेसे आत येते, आणि ६० सेंटीमीटरची वळचण तेच ऊन मार्चनंतर बाहेर ठेवते. येथे मोठ्या काचेची गरजच नाही, कारण गरज थोडी आहे.

८. निष्कर्ष

‘निष्क्रिय सौर’ह्याऐवजी ‘सूर्यानुसारी’ ही संज्ञा स्वीकारल्यास दोन लाभ होतात. दोषवाचक छटा जाते, आणि सूर्य ऋतूप्रमाणे बोलावणे किंवा टाळणे हा मूळ अर्थ व्यक्त होतो. ‘रोधन’ह्याच्या जोडीला ‘धारण’ ठेवल्यास तणसाचे काम आणि मातीचे काम वेगळे दिसू लागते. ‘मातीचे घर उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार’ हे विधान मात्र सोडून द्यावे. त्याच्या जागी एवढेच म्हणावे की जाड भिंत घराला दिवसाच्या सरासरीकडे नेते. ती सरासरी हिवाळ्यात सुखकर आहे, उन्हाळ्यात नाही, आणि पावसाळ्यात तिला महत्त्व नाही. ह्या विधानात काव्य कमी आहे, पण गवंड्याला उपयोग अधिक आहे.

भाषाभ्यासकांच्या दृष्टीने काम पुढे आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या संशोधकांनी झाडीबोलीचा शब्दसंग्रह करून पाया घातला आहे. त्यावर घराच्या शब्दांची स्वतंत्र पाहणी उभी राहावयास हवी : तुमसर, मोहाडी, भंडारा, पवनी, लाखनी, साकोली आणि लाखांदूर ह्या सातही तालुक्यांतून भागाचे नाव, त्याचे साहित्य, त्याची ऋतूनुसार निगा आणि ती निगा करणारी व्यक्ती अशा चार रकान्यांत. गोसीखुर्द धरणामुळे ज्यांची घरे वैनगंगेच्या पाण्याखाली गेली, त्या पुनर्वसित गावांतून ही पाहणी प्रथम व्हावी. तेथे जुने घर उरलेले नाही. त्याचे शब्द आणि त्यांचा उपयोग जाणणारी माणसे आहेत. चौथा रकाना रिकामा ठेवून केलेली कोणतीही यादी पुन्हा कर्ता गाळलेल्या वाक्यासारखीच होईल.